साउथ कॅरोलायनातलं खाडीकाठचं घर आणि आमच्या कोकणातली सामायिक जमीन

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतर कुठं राहावं यावर तुमच्या पेपरात अधूनमधून पत्रं येतात, ती मी इकडे न्यू जर्सीत बसून नेहमी वाचते. बहुतेक पत्रांत दोनच गोष्टी असतात, एक म्हणजे भारतात परत या आणि दुसरी म्हणजे मुलं जिथं असतील तिथं आपणही. पण इथल्या मराठी घरांमध्ये आता तिसरीच एक गोष्ट बोलली जातेय, ती म्हणजे थंडी आणि टॅक्स दोन्ही सोडून साउथला जायचं, समुद्राकाठच्या एखाद्या छोट्या गावात घर घ्यायचं आणि निवांत राहायचं. आमच्या ओळखीतले काही लोक असे गेलेत, आणि आम्ही दोघंही सध्या हाच विचार करतोय. आमच्या मनात आहे ते साउथ कॅरोलायनातलं ब्यूफर्ट, चार्ल्स्टन आणि सव्हाना या दोन शहरांच्या मधलं, साडेतेरा हजारांच्या आसपास वस्तीचं गाव.

त्याबद्दल लिहायचं कारण असं की घर बघताना सगळे विचारतात किंमत किती, बीच किती लांब, एअरपोर्ट किती लांब, आणि ही जमीन आधी कुणाची होती हे कुणीच विचारत नाही. मी कोकणातली आहे, गुहागर तालुक्यातली, त्यामुळे मला हा प्रश्न सोडवत नाही. आणि माझं म्हणणं असं आहे की आपण मराठी लोकांनी तरी तो विचारायलाच हवा.

आधी जावंसं का वाटतं ते सांगते, कारण ते खरंच वाटतं. न्यू जर्सीचा सरासरी प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात गेलाय, पगार बंद झाल्यावर हा आकडा फार मोठा होतो, त्यात बर्फ, त्यात दुमजली घर आणि यांचे गुडघे. साउथ कॅरोलायनात सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनवर, राज्याचा टॅक्स नाही, तुम्ही स्वतः राहत असलेल्या घराची आकारणी किमतीच्या ४ टक्क्यांवर होते आणि त्याला शाळेच्या रोजच्या खर्चाचा टॅक्सही माफ आहे. मात्र दुसरं घर म्हणून ठेवलंत तर आकारणी ६ टक्क्यांवर आणि शाळेचा टॅक्सही भरा, म्हणजे न्यू जर्सीचं घर ठेवून तिकडे फक्त हिवाळ्यात जाऊ असा ज्यांचा बेत असेल त्यांनी हा हिशोब आधी करावा, दोन्हीकडचा फायदा मिळत नाही.

पण पैसा बाजूला ठेवला तरी ते गाव बघितल्यावर कोकणातल्या माणसाला आत कुठंतरी हलतंच. सगळीकडे खाड्या, आणि खाड्यांच्या कडेनं मैलोन् मैल खाजण, फक्त आपल्याकडे कांदळवन असतं तिथं त्यांच्याकडे उंच गवत असतं, ते उन्हाळ्यात हिरवंगार आणि थंडीत सोनेरी होतं. भरती-ओहोटीत सहा ते आठ फुटांचा फरक पडतो, ओहोटीला सगळा चिखल उघडा पडतो आणि त्याचा तो वास येतो, तो आमच्या खाडीसारखाच, आमच्या सुनेला नको झाला होता पण मला बरं वाटलं. मोठमोठे ओक आणि त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं करडं शेवाळ. कोळंबीच्या बोटी अजून जातात. जेवणात भात, कोळंबी, खेकडा, भेंडी, टोमॅटोत शिजवलेला लाल भात, त्यामुळे तिथल्या लोकांच्या ताटाशी आपली ओळख लगेच होते. कॉम्बाही नदीवर जुनी भातखाचरं आहेत, भरतीच्या जोरावर पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीला सोडायचं, त्यासाठी बांधात लाकडी दारं, त्यांना ते लोक ट्रंक म्हणतात. आमच्याकडे खारजमिनीच्या बांधाला उघाडी असते, ती खारं पाणी बाहेर ठेवायला आणि पावसाचं पाणी जाऊ द्यायला, काम थोडं वेगळं पण भरती-ओहोटीवर चालणारी अक्कल तीच. ही अक्कल त्या किनाऱ्यावर कुणी आणली, तर पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेल्या माणसांनी, जे तिकडेही भातच पिकवत होते. जमीनदारांना ते येत नव्हतं. कॅरोलायनाचा तांदूळ जगभर गेला आणि चार्ल्स्टनमध्ये हवेल्या उभ्या राहिल्या त्या या माणसांच्या चिखलातल्या कष्टावर.

आता पाण्याबद्दल, कारण त्याशिवाय बाकीचं बोलण्यात अर्थ नाही. इथं घराचा जो नेहमीचा विमा असतो त्यात पूर येत नाही. पुराचा विमा वेगळा काढावा लागतो, १९६८ पासून सरकारी योजना आहे, तिच्यात घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि आतल्या सामानाला एक लाख मिळतात, त्यावर हवं असेल तर खाजगी कंपनीकडे जा. आणि विमा घेतल्यावर साधारणपणे तीस दिवसांनी लागू होतो, म्हणजे टीव्हीवर वादळाचा नकाशा बघून फोन केला तर उपयोग नाही. वाऱ्याचं आणखी वेगळं, अगदी किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात कितीतरी कंपन्या वारा आणि गारा विम्यातून वगळतात आणि मग राज्याच्या कायद्यानं उभ्या केलेल्या सामायिक विमा व्यवस्थेकडे जावं लागतं. आणि हरिकेनचं डिडक्टिबल हे ठरावीक रक्कम नसून बहुतेक ठिकाणी घराच्या विम्याच्या टक्क्यांत असतं. चार लाखांचा विमा आणि ५ टक्के डिडक्टिबल असेल तर पहिले वीस हजार डॉलर आपल्या खिशातून जातात, हे मला कुठल्याच एजंटनं आपणहून सांगितलं नाही, मी कागद वाचून विचारलं तेव्हा सांगितलं. २०२१ पासून पुराच्या विम्याचे दर ठरवायची सरकारी पद्धतही बदललीय, आता नुसता झोन न बघता त्या त्या घराची उंची, पाण्यापासूनचं अंतर, परत बांधायचा खर्च हे बघतात, त्यामुळे जुन्या मालकाचा हप्ता बघून आपला हप्ता ठरवू नका. चार्ल्स्टनच्या बंदरात १९२१ पासून समुद्राच्या पातळीची नोंद आहे आणि या शंभर वर्षांत पाणी साधारण एक फूट वर आलंय. आता तिथं वादळ नसताना, ऊन पडलेलं असताना सुद्धा, नुसत्या उधाणाच्या भरतीला काही रस्त्यांवर पाणी येतं.

हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, म्हणजे निम्मं वर्ष. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये मॅथ्यू आलं तेव्हा ब्यूफर्टसकट किनारा रिकामा करायला लावला होता, माणसं गाड्या भरून आतल्या भागात गेली. वयाच्या सत्तरीत औषधं, कागदपत्रं, डोळ्यांचा नंबर वाढलेला, रात्रीचं ड्रायव्हिंग आणि सगळा गाव एकाच रस्त्यावर, हे आपल्याला जमणार का हा विचार प्रत्येकानं स्वतःशी करावा. मुलगा म्हणतो मग डोंगरात जा ना. डोंगराचं काय झालं तेही आपण पाहिलं, नॉर्थ कॅरोलायनातलं ॲशव्हिल समुद्रापासून शेकडो मैल लांब, लोक ते सुरक्षित म्हणून तिकडे जात होते, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हेलेन वादळानं तिथंच नद्या गावात घातल्या. त्यामुळे वादळाला घाबरून मी हा विषय बंद करणार नाही, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-श्रीवर्धनकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या म्हणून लोकांनी कोकण सोडलं नाही. फक्त पूर्ण हिशोब करून जायचं.

हॉस्पिटल गावात आहे, मोठं काही निघालं तर चार्ल्स्टन, गाडीनं दीड तास. सव्हाना तासाभरावर, विमानतळही तिकडेच. मराठी मंडळ हवं असेल तर शार्लट किंवा अटलांटा गाठायचं, म्हणजे चार तास किंवा जास्तच. हायवेवरच्या मोटेलांमध्ये गुजराती कुटुंबं दिसतात, बाकी आपली माणसं तुरळक. गावाला लागूनच अमेरिकन सैन्यातल्या मरीन कोअरचा विमानतळ आहे, लढाऊ विमानं डोक्यावरून जातात, आवाज मोठा असतो, घर बघताना वीकडेला जाऊन दिवसभर थांबावं.

मुलीचा प्रश्न वेगळा होता, ती म्हणाली आई तू साउथमध्ये जाणार, तुझा रंग, तुझा ॲक्सेंट, तुला भीती नाही वाटत? हा प्रश्न मी टाळणार नाही. चार्ल्स्टनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये १७ जून २०१५ ला प्रार्थनेला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीय माणसांना एका गोऱ्या तरुणानं गोळ्या घातल्या, त्यात तिथले पाद्री आणि राज्याचे सिनेटर क्लेमेंटा पिंकनी गेले. त्यानंतर जुलैमध्ये राज्याच्या विधिमंडळाच्या आवारातला कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे यादवी युद्धात गुलामी टिकवायला लढलेल्या दक्षिणेचा झेंडा, उतरवला गेला, त्या कायद्यावर सही करणाऱ्या गव्हर्नर निकी हेली, पंजाबी आईवडिलांची मुलगी, त्याच राज्यातल्या बॅम्बर्ग गावात जन्मलेली. दोन्ही गोष्टी एकाच राज्यातल्या आणि एकाच उन्हाळ्यातल्या आहेत. मला तिथं लोक आपुलकीनं वागले, चौकशी करणारे, ओळख नसताना हात करणारे. पण आपण पाहुणे असताना मिळालेली वागणूक आणि शेजारी झाल्यावरची वागणूक यात फरक असू शकतो, तो तिथं राहिल्याशिवाय कळत नाही.

आता जमीन. हे जरा सविस्तर सांगते, कारण घर विकायच्या जाहिरातींत यातलं एक अक्षर नसतं.

ब्यूफर्ट १७११ चं गाव. आजूबाजूच्या बेटांवर कापूस आणि नीळ, सगळं गुलामांच्या कष्टावर. मग उत्तर आणि दक्षिणेचं यादवी युद्ध पेटलं, नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमारानं इथलं पोर्ट रॉयल बंदर घेतलं, गोरे जमीनदार पळून गेले आणि हजारो गुलाम माणसं तिथंच राहिली. लगेच पुढच्या वर्षी सेंट हेलेना बेटावर त्यांच्यासाठी पेन स्कूल निघालं, त्याची जागा पेन सेंटर म्हणून आजही आहे, नंतर मार्टिन ल्यूथर किंग १९६० च्या दशकात आपल्या सहकाऱ्यांना घेऊन तिथंच बैठकांना यायचे. ब्यूफर्टमध्येच १८३९ साली गुलामीत जन्मलेले रॉबर्ट स्मॉल्स, त्यांनी १३ मे १८६२ च्या पहाटे चार्ल्स्टन बंदरातून दक्षिणेच्या सैन्याची प्लँटर नावाची बोटच पळवली, बायकामुलांना घेऊन, किल्ल्यांना बरोबर खुणा करत, आणि उत्तरेच्या आरमाराच्या ताब्यात दिली. पुढे ते अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेले, आणि ज्या मालकाच्या घरी गुलाम म्हणून जन्मले तेच ब्यूफर्टमधलं घर, पळालेल्या मालकांच्या टॅक्सच्या थकबाकीत सरकारनं जमिनी-घरं विकली, त्या विक्रीतून त्यांचं झालं. ते घर अजून उभं आहे. मी त्या रस्त्यावर उभी राहिले तेव्हा मला भरून आलं होतं. आपल्याकडच्या शाळांत हा माणूस शिकवायला हवा.

त्या थकबाकीच्या विक्रीतच, १८६३ पासून, मुक्त झालेल्या बऱ्याच लोकांनी छोटे छोटे तुकडे विकत घेतले. बाकी किनाऱ्यावर उत्तरेच्या जनरल शर्मननं जानेवारी १८६५ मध्ये हुकूम काढून मुक्त झालेल्या प्रत्येक कुटुंबाला ४० एकरपर्यंत जमीन द्यायचं ठरवलं होतं, ते त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं मागं घेतलं आणि जमिनी परत जुन्या मालकांकडे गेल्या. सेंट हेलेनावर मात्र पैसे मोजून घेतलेल्या जमिनी टिकल्या. ऑगस्ट १८९३ चं भयंकर वादळ आलं, या बेटांवर दोन हजारांच्या आसपास माणसं गेली, तरी माणसांनी जमीन सोडली नाही. त्यांचीच नातवंडं-पतवंडं म्हणजे आजचा गला-गीची समाज, त्यांची स्वतःची भाषा, स्वतःचं गाणं, गवताच्या टोपल्या विणायची कला.

ही जमीन पुढे गेली कशी तर मृत्युपत्राशिवाय. वकिलांवर आणि कोर्टावर विश्वास ठेवावा अशी त्यांची परिस्थितीच नव्हती. आजोबा गेले, सगळ्या मुलांची झाली, ती गेली, सगळ्या नातवंडांची झाली, त्यातले निम्मे फिलाडेल्फिया-न्यूयॉर्कला कामाला गेले, आणि शेवटी एका तुकड्याचे पन्नास मालक, कुणाचा हिस्सा कुठला हे ठरलेलं नाही. तिकडे याला एअर्स प्रॉपर्टी म्हणतात. मग बाहेरचा माणूस येतो, लांब राहणाऱ्या एखाद्या चुलतभावाचा हिस्सा स्वस्तात घेतो, कोर्टात जातो, म्हणतो मला वाटणी हवी, वाटणी करता येत नसेल तर सगळीच विका, आणि सगळी जमीन लिलावात निघते, तिथं राहणाऱ्या माणसाकडे बोली लावायला पैसे नसतात. हिल्टन हेड बेटावर १९५६ मध्ये पूल झाला आणि त्यानंतर तिथं गोल्फ कोर्स आणि गेट लावलेल्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यातल्या कितीतरींच्या नावात प्लँटेशन, म्हणजे गुलामांकडून कसून घेतलेला मळा, हा शब्द, आणि जुन्या कुटुंबांची कबरस्तानं त्या गेटच्या आत राहिली. आपल्या आजीच्या थडग्याला जायला गेटवर सांगून आत जावं लागतं. विकत घेताना आपण कुठल्या गेटच्या आत घर घेतोय हे मला महत्त्वाचं वाटतं ते यासाठी.

आता हे वाचून कोकणातल्या वाचकांना काही नवीन वाटलं नसेल. सामायिक सातबारा, त्यावर आजोबांच्या चुलत्यांपासूनची नावं, निम्मे मुंबईत, काही आमच्यासारखे परदेशात, वारसनोंद कुणी केलेली नाही. आमच्या घरच्या जमिनीत मुंबईतल्या एका नातेवाइकानं कुणालाही न विचारता आपला हिस्सा बाहेरच्या पार्टीला दिला, आणि गेली कित्येक वर्षं गावात राहणारा माझा चुलतभाऊ तारखांना जातोय, ज्यानं ती वाडी राखली तोच. वादळानंतर पंचनामे झाले तेव्हाही सगळ्या सहहिस्सेदारांच्या संमतीवरून भरपाई अडली. अमेरिकेतही अगदी हेच, नाव स्पष्ट नाही म्हणून एअर्स प्रॉपर्टीवाल्यांना वादळानंतरची सरकारी मदत वर्षानुवर्षं नाकारली जायची, २०२१ मध्ये कुठं कागदांची अट सैल केली. त्यामुळे ज्या चालीमुळे माझ्या भावाचं आयुष्य कोर्टात चाललंय, त्याच चालीनं दुसऱ्या कुणाच्या भावाकडून काढलेल्या जमिनीवर मी म्हातारपणीची बाग लावायची, हे माझ्या मनाला पटत नाही. मला एका एजंटनं टॅक्सच्या थकबाकीत निघालेला प्लॉट सुचवला होता, फार स्वस्त, खाडी समोर. मी कागद मागितले, आधीच्या मालकांच्या जागी अमुक यांचे वारस एवढंच लिहिलेलं होतं. मी नाही म्हटलं.

आणि तिथले लोक गप्प बसलेले नाहीत, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. सेंट हेलेना बेटावर १९९९ पासून काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचा, नियम आहे की गेट लावलेली वसाहत, गोल्फ कोर्स आणि रिसॉर्ट होणार नाही. २०२३ मध्ये गोल्फ कोर्ससाठी हा नियम बदलून मागितला गेला, बेटावरची माणसं मीटिंगला गेली, उभं राहून बोलली, आणि काउंटी कौन्सिलनं नियम तसाच ठेवला. राज्यानं सामायिक जमिनीच्या वाटणीचा नवा कायदाही केला, २०१७ पासून लागू, तोच ज्यांचा मी वर उल्लेख केला त्या क्लेमेंटा पिंकनींच्या नावानं. आता सगळी जमीन लिलावात काढायच्या आधी तिची किंमत ठरवावी लागते आणि विक्री मागणाऱ्याचा हिस्सा त्या किमतीला घ्यायची पहिली संधी घरच्या बाकीच्या वारसांना मिळते.

आम्ही दोघांनी सध्या असं ठरवलंय की आधी भाड्यानं राहायचं, आणि तेही जून ते नोव्हेंबर, थंडीत राहून गाव आवडणं सोपं आहे. उकाडा, ती दिसत नाहीत इतकी बारीक चावणारी चिलटं, वादळाचे इशारे, हे सगळं अंगावर घेऊन बघायचं. घर घेतलंच तर गावात, जुन्या वस्तीत, जमिनीपासून उंच बांधलेलं, उंचीचा दाखला हातात घेऊन, आणि मालकीचे कागद वकिलाकडून जितके मागे जातील तितके मागे बघून. बेटांवर नाही. गेटच्या आत तर नाहीच. यांना गोल्फ आवडतो, पण हे यांनाही मान्य आहे. भारतात कायमचं परत येणं आम्हाला जमणार नाही कारण मेडिकेअर, म्हणजे इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, अमेरिकेबाहेर जवळजवळ काहीच देत नाही आणि नातवंडं इकडे आहेत, पण गुहागरच्या जमिनीवर माझी वारसनोंद मी आता करून घेतेय आणि माझा हिस्सा भावाच्या नावावर हक्कसोड पत्रानं देणार आहे.

तुमच्याकडे दोन विनंत्या आहेत. तुमच्या वाचकांपैकी कुणी कॅरोलायना किंवा जॉर्जियाच्या किनाऱ्यावर खरंच राहत असतील तर त्यांनी पूर आणि वाऱ्याचा वर्षाचा हप्ता किती येतो, आणि घर खाली करायची वेळ आली तेव्हा कुठं गेले, किती दिवसांनी परत आले, हे या सदरात लिहावं, आमच्यासारख्या बऱ्याच जणांना त्याची गरज आहे. आणि दुसरी, आपल्याकडे १८९३ च्या वाटणी कायद्यात कलम ४ आहे, एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा बाहेरच्यानं घेतला आणि त्यानं वाटणीचा दावा लावला तर घरच्या हिस्सेदाराला तो हिस्सा कोर्टानं ठरवलेल्या किमतीला विकत घेता येतो. हे कोकणातल्या किती घरांना माहीत आहे? एखाद्या जाणकार वकिलांकडून यावर सोप्या भाषेत लेख लिहून घ्या, घराला काय लागू होतं आणि वाडीला काय होत नाही ते नीट सांगणारा, आणि तो मे महिन्यात छापा, जेव्हा सगळे चाकरमानी गावी आलेले असतात.

आपली एक वाचक,
न्यू जर्सी, अमेरिका